सल्ला हवा: घरच्या मोठ्यांसोबत बसून पाहण्याजोग्या क्विअर व्यक्तिरेखांच्या मालिका

नळस्टॉप:
कोथरूडला एका घरी रविवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमणार आहेत. वयं १७ ते ७०, हातात दोन तास. गेल्या सात-आठ वर्षांतलं काय लावावं? अटी तीन. समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पात्र नुसतं हशा मिळवायला ठेवलेलं नको, निम्म्यांना इंग्रजी पटपट कळत नाही, आणि आजींसमोर रिमोट शोधायची धावपळ नको.

रिमोटवाली:
तिसऱ्या अटीतच अर्धी यादी गळाली!

'मॉडर्न लव्ह मुंबई'मधल्या 'बाई'ने सुरुवात करा. प्राइमवर आहे, २०२२ची, हंसल मेहतांनी केलेला दुसरा भाग. प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र, त्यामुळे आधीचं काही पाहावं लागत नाही. हिंदी आहे आणि चाळीसेक मिनिटांत आटोपतो. प्रतीक गांधी आणि रणवीर ब्रार हे जोडपं, तनुजा आजी, म्हणजेच 'बाई'. तनुजा दिसली की सत्तरीची मंडळी सावरून बसतात. घरचे हादरतात खरे, पण सगळं येऊन ठेपतं ते 'बाईला सांगायचं का' या प्रश्नावर, आणि असला घोळ आपल्याकडे कुठल्याही घरात चालतो. सुरुवातीला दंगलीचा प्रसंग आहे, पुढे एक चुंबनही आहे. यजमानांना आधी सांगून ठेवा.

खुसपट:
आणि 'ताली'? दिग्दर्शक रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन, गोष्ट पुण्यात जन्मलेल्या पारलिंगी कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांची. मोठ्यांना जवळची वाटेल.

रिमोटवाली:
वाटेल, पण पहिलीच नको. २०२३ची, सहा भागांची. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४च्या निकालामागची लढाई त्यात आहे, ती कळायलाच हवी. पण संवाद फार भाषणी, आणि मुख्य भूमिकेत सुश्मिता सेन. पारलिंगी स्त्रीची भूमिका पारलिंगी अभिनेत्रीला का नाही, हा वाद तिथेच सुरू होतो. तुलना करायची तर लग्नं आयोजित करणाऱ्यांवरच्या 'मेड इन हेवन' मालिकेचा दुसरा सीझन घ्या. त्यातली मेहेर त्रिनेत्रा हलदार गुम्मराजूने केली आहे, ती स्वतः पारलिंगी आणि पेशाने डॉक्टर. मेहेर ऑफिसात काम उरकते, प्रेमात फसते, चिडते. 'माझं शरीर' यावर तिला तासभर बोलावं लागत नाही.

पर्वतीपायथा:
'मेड इन हेवन' उत्तमच, पण आजींसमोर अजिबात नाही. शिव्या आणि शय्यादृश्यं भरपूर. बघायची ती वेगळ्या दिवशी, तरुणांनी, पहिल्या सीझनपासून. ती आली मार्च २०१९मध्ये, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा निकाल (६ सप्टेंबर २०१८) लागल्यावर. पण कथेत ते कलम अजून जिवंत आहे. हे आधी सांगितलं नाही, तर समलिंगी नायक करणला अटक होते तेव्हा 'हे तर आता कायदेशीर आहे ना?' असं कोणीतरी विचारतंच आणि प्रसंगाचा रंग उतरतो. त्याला अडकवणारा घरमालक स्वतः कोण आहे, ते मात्र आधी फोडू नका.

पात्र तपासायची माझी कसोटी सोपी आहे: लैंगिकता बाजूला ठेवली तर त्याच्याकडे काय उरतं? करणच्या डोक्यावर बुडालेल्या क्लबचं कर्ज आहे, वसुलीवाले मागे आहेत, व्यवसायात भागीदार आहे. उरतं बरंच. या कसोटीवर 'शिट्स क्रीक' या इंग्रजी विनोदी मालिकेतला डेव्हिडही पास होतो, पण त्यातला टोमणा इंग्रजी शब्दातच बसलाय. सबटायटल वाचेपर्यंत हशा निघून जातो. तुमच्या बैठकीला नको.

नळस्टॉप:
'बाई' ठरलं. उरलेल्या वेळात 'द लास्ट ऑफ अस'चा तो प्रसिद्ध तिसरा भाग चालेल?

पर्वतीपायथा:
सव्वा तासाचा आहे, वेळेत कसाबसा बसेल. आधी एवढंच सांगा: २००३मध्ये मेंदूचा ताबा घेणारी बुरशी पसरली आणि जग कोसळलं. बिल हा कोणावरच विश्वास न ठेवणारा, एकटा उरलेला माणूस. त्याने सापळा म्हणून खणलेल्या खड्ड्यात फ्रँक पडतो, आणि दोघं प्रेमात पडतात. पुढे फ्रँक बिलची एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचं बी आणतो. पहिलं फळ तोंडात टाकल्यावर बिल लहान पोरासारखा खिदळतो, ते बघाच. मात्र शेवटी दोघंही आपणहून मरण पत्करतात. घरात कोणी दीर्घ आजारी असेल तर हा भाग टाळा.

रिमोटवाली:
म्हणूनच मी 'हार्टस्टॉपर' म्हणेन, निक आणि चार्ली या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची मालिका. नेटफ्लिक्स, २०२२, पहिल्या सीझनचे आठ भाग, प्रत्येकी साधारण अर्धा तास. पहिले दोन दाखवा. बोलणं शाळकरी पोरांचं, वाक्यं छोटी, त्यामुळे इंग्रजी अडत नाही. आईवडील बसणार असतील तर आठव्या भागाचा शेवटही लावा. निक आपण उभयलैंगिक असल्याचं आईला सांगतो, आणि त्याला आजवर सांगता आलं नाही याबद्दल आईच, म्हणजे ऑलिव्हिया कोलमन, माफी मागते. दुसऱ्या-तिसऱ्या सीझनमध्ये खाण्याचा विकार आणि स्वतःला इजा करण्याचे विषय येतात, ते १७ वर्षांच्या पोरापुढे सरसकट लावू नका.

खुसपट:
तांत्रिक खुसपट: नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. लॅपटॉपवरून जुन्या प्रोजेक्टरला कन्व्हर्टर लावलात तर आवाज येतो, चित्र काळं. ते कॉपी-संरक्षणामुळे, केबल बदलून जात नाही. टीव्हीवरचंच अ‍ॅप वापरा. आणि प्राइमवर मध्ये जाहिराती येतात, दोन तासांत त्याही धरा.

नळस्टॉप:
मग 'बाई', चहा, 'हार्टस्टॉपर'चे दोन भाग आणि आठव्याचा शेवट. शनिवारी रात्री टीव्हीवर लावून बघते.