जुन्या ट्रॅक्टरचा वॉटर पंप: किट टाकावे की पूर्ण पंपच बदलावा?

काळी_कसदार (कळमेश्वर, जि. नागपूर):

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वडिलांच्या काळापासूनचा तीन सिलिंडरचा, ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. कपाशीच्या रानात रोटाव्हेटर चालवताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, म्हणून पाहणी केली, तेव्हा इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रातून पाणी थेंबाथेंबाने गळत असल्याचे आढळले. इंजिन बंद करून पंख्याचे पाते हाताने मागेपुढे हलवले, तर शाफ्टही खुळखुळतो.

गावातील मिस्त्रींचे म्हणणे असे की छिद्र एम-सीलने बुजवून आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकून हा उन्हाळा निभावून न्यावा. नागपूरच्या बाजारात सील-बेअरिंगचे किटही मिळते आणि पूर्ण पंपही मिळतो; किमतीत मात्र बराच फरक आहे. मृगाआधी मशागत उरकायची आहे. यांपैकी काय करावे, आणि साधारण हत्यारे हाताशी असतील तर हे काम घरी करता येईल का?

जुना_पाना:

भाऊ, ते छिद्र कृपया बुजवू नका. पंपात पाण्याची बाजू आणि बेअरिंगची बाजू यांच्या मध्ये मेकॅनिकल सील असते, आणि हे छिद्र त्या दोहोंच्या मधोमध मुद्दाम ठेवलेले असते, जेणेकरून सील झिजल्यावर आलेले पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे. छिद्र बंद केले की तेच पाणी बेअरिंगमधील ग्रीस धुऊन काढते. शाफ्ट जाम होतो, किंवा इतका डुगडुगतो की पंख्याची पाती रेडिएटरच्या जाळीत घुसतात. मग पंपाबरोबर रेडिएटरचाही खर्च करावा लागतो. तुमच्या पंपाचा शाफ्ट आधीच खुळखुळत असल्याने तो आता फार काळ चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किट की पंप, याचा निर्णय पंप उघडल्यावरच घ्यावा. जुन्या पंपाचे बिडाचे शरीर पुष्कळदा नव्या स्वस्त पंपापेक्षा भक्कम निघते, म्हणून ते सरसकट भंगारात टाकू नये. सील बसण्याची जागा गुळगुळीत असेल, बेअरिंगची बाहेरची कडी आपल्या घरात फिरल्याच्या खुणा नसतील आणि इंपेलरची (पंपातील पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती गंजून खाल्ली गेलेली नसतील, तर किट टाकणे योग्य. यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली दिसली, तर पूर्ण पंप घ्यावा. मात्र दुकानात जुना पंप सोबत न्यावा आणि नव्या पंपाच्या पुलीची उंची, बोल्टची छिद्रे व इंपेलरचा व्यास जुन्याशी ताडून पाहावा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या पंपांत पुली थोडी पुढेमागे असते, आणि तेवढ्यानेही पट्टा तिरका चालतो.

किट बसवण्याचे काम मात्र लेथवाल्याकडे प्रेसवर करून घ्यावे. बेअरिंग शरीरात दाबताना जोर केवळ त्याच्या बाहेरच्या कडीवर यायला हवा. शाफ्टवर हातोडा मारला की गोळ्यांच्या मार्गावर खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच घरघरते. सीलच्या कार्बनला तेलकट बोटे लावू नयेत. इंपेलर किती आत दाबायचा, हे ट्रॅक्टरच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका नसेल तर खोलण्यापूर्वी जुन्या इंपेलरचे आणि शरीराचे अंतर मोजून लिहून ठेवावे.

वखर_पास:

वरील उत्तराशी सहमत आहे. पंप उतरवण्याचे व चढवण्याचे काम घरी नक्की करता येईल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, असे दोन्ही कॉक उघडून पाणी काढावे. ब्लॉकचा कॉक गाळाने तुंबलेला असतो, तेव्हा आत तार घालून तो मोकळा करावा लागतो. त्यानंतर डायनामो सैल करून पट्टा, मग पंखा आणि होज पाईप काढावेत. पंखा आणि रेडिएटर यांच्यात पाना फिरवायलाही जागा नसेल, तर रेडिएटर सरळ उतरवावा. अडचणीत काम करून बोटे सोलून घेण्यापेक्षा ते लवकर होते.

पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून जो बोल्ट जिथून निघाला, तो तिथेच खोचून ठेवावा, कारण लांब बोल्ट चुकीच्या छिद्रात आवळला गेला, तर बीड तडकू शकते. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे आणि तो थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत काढावा. जे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावावे, नाहीतर आट्यांतून पाणी झिरपते आणि नव्या पॅकिंगवर नाहक संशय येतो. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढावे, मात्र छिद्रांत कापडाचे बोळे घालून, म्हणजे भुगा आत जाणार नाही. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

पट्टा अंगठ्याने मधोमध दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. तारेसारखा ताणलेला पट्टा बेअरिंग लवकर खातो, आणि पंख्याचे वाकलेले पातेही तेच करते.

काळी_कसदार:

दोघांचेही आभार. लेथवाल्याकडे जाण्याचे ठरवले आहे. थर्मोस्टॅटचे काय करावे? मिस्त्री त्याविषयी फार आग्रही आहेत.

संत्र्याची_बाग (काटोल):

काढू नये. ज्या इंजिनांत बायपासची (रेडिएटर टाळून पाणी पंपाकडे परत नेणारी) वाट आहे, त्यांच्या काही रचनांत थर्मोस्टॅट उघडताना ती वाट बंदही करतो. अशा इंजिनातून तो काढल्यास काही गरम पाणी रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे परतते. शिवाय हिवाळ्यात इंजिन थंडच चालते, डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते. तो भांड्यातील पाण्यात दोरीला टांगून, तळाला न टेकवता, थर्मामीटर ठेवून तापवावा. बहुतेकांवर उघडण्याचे तापमान कोरलेले असते आणि ८२ अंश हा आकडा सर्रास दिसतो. त्या सुमारास उघडला नाही, तरच नवा घ्यावा.

मिस्त्रींची चिंता मे महिन्याच्या उन्हाची असेल, तर ती रास्त आहे. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. परंतु त्यावर उपाय रेडिएटरच्या झाकणात आहे. झाकण अर्धा बार दाब धरत असेल, तर साधे पाणीसुद्धा सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याचे रबर चिरलेले असेल, तर पंप कितीही नवा असला तरी पाणी उडतच राहणार. रेडिएटरच्या जाळीतला भुसा आणि धूळही इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी.

भरताना विहिरीचे पाणी टाळावे. काटोल-कळमेश्वर पट्ट्यातील खडकात पाणी जड लागते आणि त्याचा चुना ब्लॉकच्या आतून बसतो. डिस्टिल्ड पाणी व कूलंट डब्यावरच्या प्रमाणात घ्यावे. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत हवा निघू द्यावी आणि पातळी उतरेल तसे भरावे. त्या वेळी पाणी गरम झाल्यावरही रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधील पॅकिंग) तपासून घ्यावे लागेल.