ठाण्याच्या उकाड्यात काचपेटीतली चिमुकली ऑर्किड: पानं हिरवी असतानाच गळतायत

काचबाग (ठाणे)

पेटी ३० × ३० × ४५ सेंमी, उभी. पुढे दार, वर जाळी. ओल टिकावी म्हणून जाळी काचेने पूर्ण झाकली आहे. तळाला ४ सेंमी भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर मच्छरजाळी, त्यावर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ). १२ वॉटचा ६५०० केल्विन एलईडी, रोज १३ तास. सकाळी ७ आणि रात्री १० ला फवारा, दर वेळी साधारण ५० मिली. पाणी घरच्या प्युरिफायरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) ८५. आत दिवसा ३१ अंश, रात्री २७. आर्द्रता चोवीस तास ९५ टक्क्यांच्या वर.

कॉर्कच्या सालीवर बांधलेली झाडं चार: हराएला रेट्रोकाला, स्पेक्लिनिया ग्रोबी, शोनॉर्किस फ्रॅग्रन्स आणि एक छोटं मॅसडेव्हालिया. तीन आठवड्यांनंतरची अवस्था अशी: मॅसडेव्हालियाची पानं हिरवीगार असताना गळतात, बुडाशी काळी पडलेली. हराएलाचं मधलं कोवळं पान तपकिरी झालं आणि जरा ओढल्यावर हातात आलं, बूड बुळबुळीत. स्पेक्लिनियाच्या पानांची टोकं करपली आहेत. मुळं कुणाचीच पुढे सरकत नाहीत.

पंखा लावावा का? लावला तर आर्द्रता उतरणार नाही का? आणि सह्याद्रीतल्या छोट्या आमऱ्या, म्हणजे आपल्याकडच्या रानटी ऑर्किड, या पेटीत चालतील का?

ओलकोरडं

आर्द्रता उतरली पाहिजे, हेच तर उत्तर आहे. ही झाडं मातीतली नाहीत, फांदीवरची आहेत. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. ते काही मिनिटांत पाणी शोषतं आणि सुकलं की आतल्या मुळाला हवा पोचू देतं. कायम भिजलेलं राहिलं तर मूळ गुदमरतं, टोक वाढायचं थांबतं. ओलं मूळ हिरवट दिसतं आणि सुकलेलं रुपेरी पांढरं. सकाळी फवारलेलं मूळ दुपारी तीन-चारपर्यंत पांढरं व्हायला हवं. तुमच्या पेटीत ते कधीच होत नसणार.

रात्री दहाचा फवारा आजपासून बंद. हराएलाला वाढीचा कोंब एकच, मधोमध. तिथे पाण्याचा थेंब २७ अंशांत रात्रभर बसला की कोंब सडतो. सडलेलं पान काढा, टिश्यूचं टोक पिळून कोंबात घाला आणि पाणी टिपून घ्या. कॉर्कचा तुकडा असा कलता टांगा की कोंबाचं तोंड खाली किंवा बाजूला वळेल. चार-पाच दिवस कोंबावर पाणी नको, फक्त मुळांवर ब्रशने. मधला कोंब गेला तरी मुळं टणक असतील तर बुडातून नवा फुटवा येऊ शकतो, त्यामुळे फेकायची घाई करू नका. कॉपर असलेलं बुरशीनाशक मात्र नको. तांब्याने बऱ्याच ऑर्किडची पानं भाजतात, डेंड्रोबियम तर त्याला फारच नाजूक. दालचिनीची पूड मुळांवर टाकायचा सल्लाही खूप फिरतो. कापलेल्या पानावर ती चालते, पण मुळाला कोरडं करून मारते.

मॅसडेव्हालियाचं म्हणाल तर तो दोष तुमच्या हाताचा नाही, निवडीचा आहे. ही मंडळी बहुतेक अँडीजच्या ढगाळ जंगलांतली, त्यांना रात्री १२ ते १५ अंश लागतात. उबदार रात्रीत दिवसभर कमावलेलं अन्न श्वसनातच खर्च होतं, मग झाड पानं टाकतं. हिरवं पान आणि बूड काळं ही उष्णतेने खचल्याची ओळखीची खूण. ठाण्यात पंख्याने हे सुटणार नाही. थंड खोली असलेल्या कुणाला तरी देऊन टाका.

एक शंका मीटरची. स्वस्त आर्द्रतामापक ९० च्या वर वाट्टेल ते दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८२ आला तर पुढच्या प्रत्येक वाचनातून ७ वजा करा.

सोल्डरगन

पंख्याबद्दल. संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात ४० × ४० × १० मिमीचा पंखा मिळतो. १२ व्होल्टचा घेऊन मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवर चालवला तर हळू फिरतो आणि आवाज जवळपास नाही. काही पंखे ५ व्होल्टवर सुरूच होत नाहीत, म्हणून दुकानातच लावून बघा. नाहीतर थेट ५ व्होल्टचाच घ्या. लाल तार प्लस, काळी मायनस, तिसरी पिवळी असली तर मोकळी सोडून टोक टेपने बंद करा. सांधे उष्णतेने आकसणाऱ्या नळीत घ्या. चार्जर पेटीच्या बाहेर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच.

जागा: मागच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, तोंड मागच्या काचेला समांतर. झाडावर थेट मारा नको, हवा काचेवर आपटून फिरली पाहिजे. शिवणाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा पानाजवळ धरून बघा. दोरा जेमतेम हलला पाहिजे. फडफडला तर वेग जास्त आहे.

नुसता पंखा लावून वरची काच तशीच ठेवलीत तर तीच दमट हवा गोल गोल फिरेल. ती काच मागे सरकवून पुढच्या बाजूला २ सेंमी फट ठेवा. दाराखाली हवेची झडप असेल तर तीही उघडी हवी: बाहेरची हवा खालून आत येते, गरम हवा वरून जाते. दारावरचं धुकं तासाभरात गेलं आणि पानावरचे थेंब दोन तासांत सुकले की फट बरोबर. मार्च-एप्रिलमध्ये ती १ सेंमीवर आणावी लागेल, जुलैत ५ सेंमीही चालेल. दिवसा ७० ते ८५ टक्के आर्द्रता भरपूर झाली.

पंखा चोवीस तास चालू ठेवावा असं माझं मत. तासाला पंधरा मिनिटांचा टायमर लावणारेही आहेत, पण बंद पंख्यावर ओल बसते आणि बेअरिंग लवकर गंजतं. तसाही हा पंखा वर्ष-दीड वर्षाचाच सोबती, एक जास्तीचा आणून ठेवा.

दिवा काचेला टेकलेला असेल तर ४ सेंमी वर उचला. वेळ १२ तास पुरे, पहाटे ५ ते संध्याकाळी ५. फवारा दिवा लागल्यावर लगेच, म्हणजे सुकायला अख्खा दिवस मिळतो.

टीडीएस_४०

पंख्याबद्दल अनुमोदन. पण करपलेली टोकं पाण्यामुळे आहेत. हिशोब करा: रोज १०० मिली, टीडीएस ८५, म्हणजे रोज ८.५ मिलिग्रॅम क्षार. महिन्याला पाव ग्रॅम. कुंडीत ते खालून वाहून जातात, तुमच्या पेटीत जाणार कुठे? पाणी उडतं, क्षार कॉर्कवर आणि मुळांवरच साठत राहतात. आता पंखा लागला की पाणी आणखी लवकर उडेल, म्हणजे फवाराही वाढेल आणि क्षारही.

आरओ प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस वाढवायची सोय असते. तंत्रज्ञाकडून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, खनिजांच्या कार्ट्रिजच्या आधी, टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घेतलीत तर १०–२० चं पाणी मिळतं. नळाचं पाणीही मोजा. तलावाचं पाणी येतं तिथे आकडा कधी कधी बराच कमी असतो. सोसायटी बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र तिकडे वळूच नका. सगळ्यात उत्तम पावसाचं. पहिले आठ-दहा दिवसांचे पाऊस सोडून द्या, मग उघड्यावर थेट बादलीत धरा, पत्र्यावरून किंवा गच्चीवरून आलेलं नको. झाकणाच्या कॅनमध्ये अंधारात ठेवा. एसीचं पाणी टीडीएसला शून्याजवळ दिसतं, पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेऊन आलेलं असतं, म्हणून मी ते धरत नाही.

पंधरा दिवसांतून एकदा कॉर्कचे तुकडे बाहेर काढून कमी टीडीएसच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, निथळू द्या, पुन्हा टांगा.

खत: कृषी सेवा केंद्रातलं विद्राव्य १९:१९:१९. लिटरला ०.२ ग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा. एवढं वजन घरच्या काट्यावर होत नाही, म्हणून १ लिटर पाण्यात २० ग्रॅम विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० मिली प्रत्येक लिटरला घ्या. यात एक फसगत आहे. या खतातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया वीज वाहून नेत नाही, त्यामुळे टीडीएस मीटरला दिसतच नाही. मीटरवरचा आकडा कमी आला म्हणून खत वाढवू नका. कॅल्शियम यात नाही. ते कॅल्शियम नायट्रेटमधून, लिटरला ०.१ ग्रॅम, वेगळ्या आठवड्यात. दोन्हींची दाट द्रावणं एकत्र केलीत तर पांढरा गाळ बसतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वाया.

काचबाग

सर्वांचे आभार. काच सरकवली, रात्रीचा फवारा बंद केला. मिठाच्या चाचणीत मीटरने ८१ दाखवलं. आणि पेटीत नखाएवढ्या गोगलगाई सापडल्या, कॉर्कच्या मागे. मुळांची टोकं कुरतडलेली आहेत. त्यांचं काय? आमऱ्यांचा प्रश्नही राहिला.

ओलकोरडं

म्हणजे मुळं न वाढण्याचं अर्धं कारण तिथेच आहे. रात्री नऊला स्फॅग्नमवर काकडीची चकती ठेवा, अकराला टॉर्च घेऊन उचला. खालच्या बाजूला सापडतील. तीन-चार रात्री हेच. शिवाय कॉर्कचे तुकडे झाडांसकट चार तास पाण्यात बुडवा, हवेसाठी त्या वर येतात. अंडी राहतातच, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा आणि त्यानंतर दहा दिवसांनी अजून एकदा. तळाचं स्फॅग्नम फेकून नवं घाला. पावसाळ्यात भिंतीवरचं किंवा जंगलातलं शेवाळ उचलून आणलं असेल तर गोगलगाई बहुधा त्यातूनच आल्या.

कातळफूल

आमऱ्यांचं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण दोन.

पहिलं हवामानाचं. पॉरपॅक्स या आमरीचंच उदाहरण बघा: खोडावर चिकटलेली चपटी बटणं, त्यावर जाळीदार आवरण. पावसात दोन पानं येतात, पाऊस संपला की गळतात आणि पुढचे महिने ती बटणं उन्हात कोरडी बसून असतात. सह्याद्रीतल्या बऱ्याच छोट्या डेंड्रोबियमचंही असंच. त्यांना ही कोरडी विश्रांती लागते. बारमाही दमट पेटीत ती पहिल्या हिवाळ्यातच सडतात. दुसरं कायद्याचं. जंगलातून झाड काढणं गुन्हा आहे, आणि ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्सच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या, बिल जपून ठेवा.

मॅसडेव्हालियाच्या जागी अजून एक स्पेक्लिनिया ग्रोबी लावा, ठाण्यात सगळ्यात निमूट राहणारं तेच. तळाच्या सावलीत मॅकोडेस पेटोला चालेल. पानावरच्या सोनेरी रेषा कमी उजेडातच खुलतात. लुडिसिया नको, वर्षभरात पेटी भरून टाकेल. रेस्ट्रेपियाचा मोह होईल, पण ते बंगळूरला जमतं, इथे मे महिन्यात अडतं.

बांधायला ०.२ मिमीची तंगूस वापरा आणि मुळाखाली स्फॅग्नम चिमूटभरच, करंगळीच्या नखाएवढं. तुमच्या शोनॉर्किसखाली गादी घातलेली असेल तर ती आजच काढा.