मेंदूच्या पेशी वाचवणारी गोळी हवी की सांभाळणारं माणूस?

पंचवटीकर: अल्झायमरची गोळी शोधण्यात इतकी वर्षं गेली, हाती काय लागलं? तो पैसा रुग्ण सांभाळणाऱ्यांना द्या.

सातपूरकर: हे वाचून गप्प बसवेना. नाशिकजवळच्या अंबडच्या औषध कारखान्यात मी सतरा वर्षं आहे. १९९६ला अमेरिकेत मंजूर झालेलं अल्झायमरचं औषध डोनेपेझिल पेशी वाचवत नाही, उरलेल्या पेशींना असिटिलकोलीन हे संदेश वाहणारं रसायन थोडं जास्त वेळ पुरवतं, एवढंच. २०२३चं औषध लेकानेमॅब अँटिबॉडी, म्हणजे मोठं प्रथिन, आहे: दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव आहे का बघायला पुन्हापुन्हा एमआरआय, आणि अठरा महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली. एवढा थोराड रेणू मेंदूत जेमतेम शिरतो. ५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आतला, तेलात विरघळणारा लहान रेणू शिरू शकतो. शिवाय पेटंट संपलं की त्याची स्ट्रिप कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. सिन्नरच्या शेतकऱ्याला दुसरं काय परवडणार?

पंचवटीकर: सेमागासेस्टॅट ही अल्झायमरवरची गोळीही लहान रेणूच होती. २०१०ला चाचणी थांबवावी लागली, कारण गोळी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडले. माणसांवर प्रयोग करून झालेच की!

सातपूरकर: ज्याच्या कापण्यातून अमायलॉइड, म्हणजे मेंदूत साचणारं चिकट प्रथिन, तयार होतं, ते एन्झाइम ती गोळी अडवायची. तेच एन्झाइम नॉचसारखी पेशींना लागणारी इतर प्रथिनंही कापतं, ते अडलं आणि बहुधा त्यानेच घोटाळा झाला. अमायलॉइडचा कचरा थांबवणं वेगळं, पेशी जगवणं वेगळं. पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया सावरणारे, दाह कमी करणारे रेणू हा दुसरा रस्ता आहे.

वर्षा, इंदिरानगर: रेणू राहू द्या. माझ्या आईला डोनेपेझिल सुरू केलं, आधी ना नाडी पाहिली ना ईसीजी. दहाव्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. नाडी ४२! खुबा मोडला. या गोळीने ठोके मंदावतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गंगापूररोड: आमच्या काकांचंही तसंच. आणि रात्री सांभाळायला ठेवलेली बाई तीन दिवसांत पळते.

सातपूरकर: विषय गोळी बनवण्याचा आहे, लिहून देणाऱ्याचा नाही.

वर्षा, इंदिरानगर: तुम्ही एक रात्र तरी जागलात का?

सातपूरकर: चार वर्षं. पहाटे तीनला वडील पिशवीत टॉवेल आणि एक चप्पल भरून दारात उभे असायचे, "घरी सोड रे" म्हणत. घरातच होते ते. म्हणून तर गोळी हवी म्हणतोय, बाई नाही.

वर्षा, इंदिरानगर: मला माहीत नव्हतं. पण नाडीचं तुम्ही अजून मान्य केलेलं नाही.

सातपूरकर: केलं. आधी ईसीजी हवाच.

पंचवटीकर: शोधा मग गोळी. पण ती येईपर्यंत रात्री कोण जागणार, ते माझ्या पहिल्या ओळीत होतं आणि अजून कुणी सांगितलेलं नाही.