लबकमधले राहणे

टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नसल्यामुळे तिथे राहणे स्वस्त पडते, असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. सुमारे अडीच लाख वस्तीच्या लबकसारख्या शहरात घरे डॅलस किंवा ऑस्टिनच्या मानाने बरीच स्वस्त मिळतात, पण शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागवला जात असल्याने तो कर चांगलाच जड जातो. गाडीवाचून तर पान हलत नाही. मात्र खरी कसोटी वसंतात लागते: भोवतालची कापसाची शेते पेरणीआधी उघडी असतात, वारा सुटला की आकाश तांबूस होते आणि बंद खिडकीच्या फटीतूनही बारीक माती स्वयंपाकाच्या ओट्यावर येऊन बसते. टेक्सस टेक विद्यापीठामुळे भारतीय विद्यार्थी भेटतात. मराठी कार्यक्रमासाठी मात्र बहुधा डॅलस गाठावे लागते, आणि त्यासाठी पाच तास गाडी हाकावी लागते.