फोटो आणि डिझाइनच्या कामातल्या तुमच्या युक्त्या सांगा

श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं यायला लागतात आणि माझ्याकडे फोन सुरू होतात: "ताई, फोटोशॉपमध्ये मराठी पेस्ट केलं की वेलांटी पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात." आपल्यापैकी प्रत्येकाने अशा अडचणींवर काही ना काही उपाय शोधलेला असतो, पण तो ज्याच्या-त्याच्या टेबलापुरताच राहतो. म्हणून हा धागा. कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, मोबाइलवरचं ॲपसुद्धा. फक्त स्वतः वापरून पाहिलेलं लिहा.

सुरुवात मीच करते. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी लेआउट' यांपैकी जे दिसेल ते निवडा. हे नव्या फाइलला लागू होतं. आधीच टाकलेला मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी लेआउट द्यावा लागतो. इनडिझाइनमध्ये त्याच मेनूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' आहे. तो पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्येच लावून ठेवला की पानोपानी शोधत बसावं लागत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. देवनागरीला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका. इंग्रजी शीर्षक अक्षरं लांब-लांब ठेवून छान दिसतं, आपली शिरोरेषा मात्र तुटते. ओळ भरायची असेल तर अक्षर मोठं करा, नाहीतर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या.

कोल्हापूर, फ्लेक्स आणि ऑफसेट

आमच्याकडं सगळं कोरलड्रॉवर चालतं. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं, फाइल उघडली की श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट नसल्यामुळं नुसती चिन्हं. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो: बाहेर जाणारी फाइल कंट्रोल-क्यूनं कर्व्ह करायची, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकायचे, पण त्याआधी कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवायची. पाहुण्यांचं नाव बदललं म्हणून रात्री अकराला फोन येतो, तेव्हा तीच उपयोगी पडते.

दुसरं, फ्लेक्सचं रिझोल्युशन. १० बाय २० फुटांचा बोर्ड काहीजण ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, करायला जातात. साधा हिशोब करा. १०० पीपीआयलाच तो १२,००० बाय २४,००० पिक्सेल होतो, म्हणजे जवळजवळ २९ कोटी पिक्सेल. ३०० ला तर लांबी ७२,००० वर जाते, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढं जातच नाही. चौकात रस्त्यापलीकडून बघायच्या बोर्डाला ५० पीपीआय पुष्कळ झालं. फोटो तेवढा फोटोशॉपमध्ये करा आणि अक्षरं कोरलमध्येच राहू द्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड धारदार राहते. कडेला रिंगा मारायला जागा सोडा, नाहीतर साहेबांच्या नावावरच भोक पडतं.

नाशिक, जुन्या फोटोंची दुरुस्ती

घराघरांतले पिवळे पडलेले कृष्णधवल फोटो मी दुरुस्त करतो. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, ६०० डीपीआयला, आणि टिफमध्ये ठेवा. मग चॅनेल्स, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे रंगांचे वेगवेगळे थर, उघडून एकेक पाहा. निळ्या चॅनेलमध्ये पिवळे-तपकिरी डाग सगळ्यात गडद दिसतात, लालमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. तेव्हा लाल चॅनेल घेऊन त्यावरच पुढचं काम करायचं. ब्रशने तासन्‌तास डाग पुसण्याची मेहनत तिथेच वाचते. गिंपमध्ये हेच 'एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट' किंवा 'मोनो मिक्सर'ने होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. पूर्वी स्टुडिओत फोटो हाताने रंगवत. अशा फोटोत आजीच्या कपाळावरचं कुंकू लाल असतं आणि लाल चॅनेलमध्ये ते फिकट होऊन पुसलं जातं. कपाळाचा तेवढा भाग हिरव्या चॅनेलमधून आणून मास्कने, म्हणजे बाकीचा भाग झाकून, बसवायचा. नऊवारीचा काठ लाल असेल तर तिथेही तसंच.

खडबडीत कागदावरच्या प्रिंटचे कण स्कॅनमध्ये फार टोचतात. त्यावर उपाय: एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो काचेवर उलट दिशेने, म्हणजे १८० अंशांत फिरवून, पुन्हा स्कॅन करा. दुसरी प्रतिमा सरळ करून पहिलीवर तंतोतंत बसवा आणि तिची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के ठेवा. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे दोन्ही प्रतींत कणांच्या सावल्या विरुद्ध बाजूंना असतात. एकत्र केल्यावर त्या बऱ्याचशा मिटतात.

हल्ली चेहरा आपोआप स्पष्ट करून देणारी ॲप्स आली आहेत. ती घरच्यांच्या फोटोवर वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ती डोळे, दात, ओठ अंदाजाने भरतात. फोटो चकाचक होतो, पण त्यातला माणूस घरच्यांच्या ओळखीचा राहत नाही.

लातूर, फॉर्म भरण्याचं केंद्र

बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. मुलं आधी क्वालिटी कमी करतात आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. आधी क्रॉप करून पिक्सेलची मापं घाला, मगच क्वालिटीची पट्टी सरकवा. गिंपमध्ये जेपेग एक्स्पोर्ट करताना प्रिव्ह्यूची खूण केली की फाइलचा आकार तिथेच दिसतो. डीपीआयचा आकडा बदलून केबी कमी होत नाहीत. फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

सांगली, लग्नाचे फोटो

हळदीच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे पिवळे येतात, कारण मांडवाच्या पिवळ्या कापडातून उजेड गाळून पडतो. व्हाइट बॅलन्स ओढून पिवळा घालवला तर हळदच जाते. मी लाइटरूममध्ये पांढऱ्या टोपीवरून किंवा सदऱ्यावरून व्हाइट बॅलन्स घेतो आणि तो अर्ध्यावरच थांबवतो. मग त्वचेवर मास्क टाकून तेवढ्यातच पिवळ्याचं सॅच्युरेशन किंचित खाली आणतो. गालावरची हळद मास्कमधून वगळायची.

"जरा गोरी करा" असं अजूनही सांगतात. मी करत नाही. सावळ्या चेहऱ्यावर उजेड नीट उतरवला, डोळ्यांखालची सावली हलकी केली की नवरी सुंदरच दिसते, आणि हातांचा-चेहऱ्याचा रंग वेगळा दिसत नाही.

मडगाव

थोडक्यात सांगतो. ज्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी फुटते त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करा. फुकट आहे आणि जोडाक्षरं बरोबर येतात. मग 'ऑब्जेक्ट टू पाथ'ने अक्षरांचे आकार करून एसव्हीजी किंवा पीडीएफ काढा आणि हव्या त्या ठिकाणी न्या. शुद्धलेखन आधी तपासा, पाथ झाल्यावर अक्षर बदलता येत नाही.

सोलापूर, बचत गट

आम्ही चटण्यांची लेबलं मोबाइलवर करतो. पडद्यावर छान दिसतात, पण छापून आली की घटक पदार्थांच्या बारीक काळ्या अक्षरांना लालसर-निळसर कड येते. प्रेसवाले म्हणतात फाइल अशीच आहे. काय करावं?

धागाकर्ती

ताई, मोबाइलवरची फाइल आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची असते. तिचा काळा छपाईसाठी बदलला की चारही शाईंत वाटला जातो. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षराला कड दिसते. लेबलाची चित्रं-रंग तुम्ही द्या, पण घटक पदार्थ, वजन, परवाना क्रमांक हा मजकूर वेगळा युनिकोडमध्ये लिहून पाठवा आणि प्रेसमध्ये तो फक्त १०० टक्के काळ्यात, ओव्हरप्रिंट लावून, म्हणजे खालच्या रंगावरच छापला जाईल असा, बसवायला सांगा. छापायच्या आधी पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोच्या 'आउटपुट प्रिव्ह्यू'मध्ये उघडून फक्त काळ्या शाईची खूण काढायला लावा. मजकूर साफ नाहीसा झाला तर छापायला हरकत नाही. मागे पुसट अक्षरं उरली तर बाकीचे रंग अजून त्यात आहेत, फाइल परत करून घ्या.