मदत हवी आहे: प्रशिक्षण नको, वर्गात येऊन बसणारं कुणी हवंय. डायटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

पवित्र पोर्टलमधून (शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून) नेमणूक झाली आणि मी सोलापूरकडचा माणूस थेट नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात आलो. जि.प.ची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. पोरं घरी पावरी ही इथली आदिवासी भाषा बोलतात. मराठी ऐकतात ती शाळेत, म्हणजे बहुतेक माझ्याच तोंडून.

अडचण वाचन शिकवण्याची आहे. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची प्रशिक्षणं झाली, दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे कोर्स झाले, प्रमाणपत्रंही आहेत. वर्षाला 50 तासांचा सीपीडी (शिक्षकांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास) कागदावर पूर्ण होईल, त्याची चिंता नाही. पण प्रशिक्षणात सांगितलेली ध्वनिजागृती, म्हणजे शब्दातले आवाज ओळखणं, माझ्या वर्गात पहिल्याच पायरीवर अडते. ‘क’ने सुरू होणारा शब्द सांगा म्हटलं की पोरं माझ्याकडे बघत राहतात. मराठी शब्दच गाठीशी नाहीत तर ‘क’चे कुठून आणणार? काही जण अक्षरं जोडून शब्द खणखणीत वाचतात, पण अर्थ विचारला की गप्प. याला वाचता येतं म्हणायचं की नाही, हेच मला ठरवता येत नाही. चाचणीचा तक्ता मात्र भरावा लागतो.

प्रशिक्षणात हे विचारलं होतं. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, बिचारे आमच्यासारखेच शिक्षक. त्यांना वरून आलेली पीपीटी दिवसभरात संपवायची असते. त्यांना दोष देत नाही.

मला हवंय ते वेगळं. भाषेतलं कळणारं कुणी दोन-तीन दिवस माझ्या वर्गात बसावं, मी काय करतो ते बघावं आणि सांगावं. डायटचं हेच काम आहे असं डी.एड.ला शिकलो होतो, परीक्षेत विभागांची नावंही लिहिली होती. पण एका शाळेने मदत मागायची तर रस्ता कोणता? थेट प्राचार्यांना पत्र लिहिलं तर वरच्यांना डावललं असं होईल का? कुणी असं केलंय का?

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

सर, थेट पत्र नको. मुख्याध्यापकांच्या सहीने केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्याचे प्रमुख) द्या, तिथून गटशिक्षणाधिकारी, आणि प्रत डायटला. वेळ लागतो, पण उद्या कुणी ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणत नाही. दरम्यान पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) अर्धा तास मागून घ्या. तुमच्या केंद्रातल्या बाकीच्या शाळांचंही हेच दुखणं असणार. एका शाळेचं पत्र फायलीत पडून राहतं, केंद्राची मागणी आली तर उत्तर द्यावं लागतं.

आणि पत्रात ‘मार्गदर्शन व्हावे’ लिहू नका हो! त्यावर एक दिवसाची कार्यशाळा लागते, तीही तालुक्याला.

---

माजी_अधिव्याख्याता

वरच्या सरांशी सहमत. मी डायटमध्ये होते, म्हणून आतली बाजू सांगते. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर डायट उभ्या राहिल्या तेव्हा सेवापूर्व, सेवांतर्गत, साहित्य विकसन, नियोजन असे सात विभाग मांडले होते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जागा रिकाम्या आहेत. एकेका अधिव्याख्यात्याकडे दोन-तीन विभाग, शिवाय तालुक्याचं संपर्क अधिकारीपण आणि पुण्याच्या राज्य कार्यालयाने मागवलेले अहवाल. मग शाळाभेट होते ती तपासणीसारखी. एका वर्गात तीन दिवस बसायला कुणी मिळेल, ही आशा धरू नका.

त्याऐवजी डायटला सहज देता येईल असं मागा. डायटला जोडलेलं अध्यापक विद्यालय असेल तर डी.एल.एड.च्या (पूर्वीचं डी.एड.) विद्यार्थ्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून अध्यापनाचा सराव, असते. त्यांत पावरी बोलणारी मुलं-मुली असतील, तर त्यांतली दोन तुमच्या शाळेत द्या म्हणावं. त्यांना सराव होतो, तुमच्या वर्गाला पोरांची भाषा जाणणारं माणूस मिळतं, डायटचा खर्च जवळपास शून्य. दुसरं म्हणजे हाच विषय कृतिसंशोधनाला (शिक्षकाने स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर केलेल्या छोट्या अभ्यासाला) घ्या. मग अधिव्याख्याता मार्गदर्शक म्हणून अधिकृतपणे तुमच्याशी बांधला जातो, भेटीला कारण मिळतं.

वर्गापुरतं विचाराल, तर ध्वनिखेळ पावरी शब्दांवर घ्या. ‘क’चा आवाज पोरांच्या भाषेतही आहेच. शब्द त्यांनी सांगायचा, तुम्ही देवनागरीत फळ्यावर लिहायचा, शेजारी मराठी. चौथीच्या मुलांना आणि अंगणवाडीताईंना मदतीला घ्या. तक्त्यात वाचन आणि आकलन वेगळं नोंदवा. रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. तेच पत्रासोबत जोडा, पुरावा म्हणून.

---

धागाकर्ता

मॅडम, आंतरवासितेचं डोक्यातच आलं नव्हतं. पावरी शब्दांचा खेळ आज करून बघितला. इतका गलका झाला की शेजारच्या खोलीतून सर बघायला आले. एक अडलं: काही उच्चार देवनागरीत नेमके कसे लिहायचे ते कळत नाही, आणि अंगणवाडीताई एक सांगतात, चौथीची पोरं दुसरंच. या बाजूला पावरीची शब्दसूची कुणी केली असेल तर कृपया इथे टाका. पत्राचा मसुदा रविवारी डकवतो, सरांनी जरा नजरेखालून घालावा.