चोर्ला घाटात पिकअप तापूलालीय, मदत हवी आहे
मंडळी, जुनी डिझेल पिकअप चालवणारं कुणी असलं तर सांगा. केए २२ (बेळगाव) पासिंगची गाडी, बाबांनी घेतलेली, म्हणून विकायची नाही. गोव्याला भाजी सोडून येताना नारळ भरले की चोर्ल्याच्या चढाला लई तापूलालीय, सपाटीला मात्र तापमानाचा काटा जागचा हलत नाही. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) नवा घातला तरी तेच, आणि बाहेर थेंबभर गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय. एक मिस्त्री म्हणतो फॅन क्लच (रेडिएटरचा पंखा फिरवणारा भाग) गेलाय, दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील), मलापण गॅस्केटचाच संशय आहे पण प्रेशर टेस्ट (दाब देऊन आतली गळती शोधणं) न करता हेड उघडायचं जिवावर येतंय. बेळगावच्या उद्यमबागेत ही टेस्ट नीट करणारा कोण आहे? जाड कोअरचा रेडिएटर बसवून फरक पडतो काय? ८ वर्षांवरची गाडी, दरवर्षी आरटीओची फिटनेस तपासणी असते, त्याच्याआधी उरकायचंय.